काळ्या स्लाईडवर पाच मोजायचे

मास्तरांचा पहिला नियम असा की एका स्लाईडवर एकच गोष्ट. दुसरा, पडद्यावरचं वाचून दाखवायचं नाही, समोरच्यांना डोळे असतात. तिसरा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं नाही तर ते कुणालाच दिसलं नाही असं धरून चालायचं. असे त्यांचे नियम एकोणीस स्लाईड्सवर मांडलेले होते, आणि पंप बनवणाऱ्या त्या अवाढव्य कंपनीतल्या एकूण एक इंजिनिअरकडून ते त्यांनी घोटून घेतले होते. इंजिनिअरांचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका स्लाईडवर चाळीस ओळी, खाली दोन तक्ते, मुंगीएवढी अक्षरं, आणि वर तोंड करून विचारणार, कोपऱ्यात जागा उरलीय, फोटो टाकू का? या मंडळींना माणसांत आणता आणता मास्तरांचे केस पांढरे झाले होते.

सगळ्यांत लाडकी त्यांची अकरावी स्लाईड. ती नुसती काळी होती. एक अक्षर नाही की चित्र नाही. मास्तर सांगायचे, पडद्याकडे बघून बघून लोक सुस्तावतात, तेव्हा मध्येच पडदा काळा करा. माना आपोआप तुमच्याकडे वळतात. मग तोंड मिटून पाच मोजा, आणि जे सर्वांत महत्त्वाचं असेल ते पाचानंतर बोला. शिकवताना ते स्वतः मोठ्यांदा मोजायचे आणि पाचाला रिमोटचं बटण दाबायचे. नवशिके दोनलाच घाबरून बडबडायला लागत. मग मास्तर म्हणत, पाच आकडे गप्प बसवत नाही आणि निघाले लोकांना शिकवायला.

एक नियम मात्र स्लाईडवर नव्हता, तोंडी होता. रिकाम्या खुर्च्यांसमोर तालीम करायची नाही. एक तरी माणूस शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसवायचा. कंपनीच्या प्रशिक्षण हॉलमधल्या खुर्च्या स्प्रिंगच्या होत्या, माणूस उठला की बैठक फटकन वर मिटणाऱ्या. मास्तर म्हणायचे, साठ मिटलेल्या खुर्च्यांसमोर बोलणं म्हणजे साठ मिटलेल्या तोंडांसमोर बोलणं, एक तरी उघडी पाहिजे. त्या खुर्चीत बसायचं काम बहुतेक वेळा धाकटीचं असे.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. प्रशिक्षण विभागात ती सगळ्यांच्या शेवटी आली म्हणून मास्तर तिला धाकटी म्हणायला लागले, आणि मग अख्खी कंपनी म्हणायला लागली. चाळिशीला टेकली तरी धाकटीच. मास्तर गेले त्याला वर्ष होत आलं होतं, त्यांच्या टेबलाशी आता ती बसत होती, आणि शिकवायला उभी राहिली की तिच्या तोंडून मास्तरच बोलतात असं लोक म्हणत. तिला ते ऐकून बरं वाटायचं नाही. का वाटायचं नाही, ते तिलाच ठाऊक होतं.

तर गोष्ट सुरू झाली ती अशी. त्या कंपनीत नवी कोरी फाईल उघडून स्लाईड्स करायची पद्धतच नव्हती. सगळ्यांसाठी एक मूळ फाईल ठेवलेली होती, मास्तरांची. ती उघडायची, नवं नाव द्यायचं, मास्तरांचं पुसून आपलं लिहायचं. काळी स्लाईड कुणी पुसत नसे, तिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतंच. मास्तर गेल्यावर मूळ फाईल ताजी करायचं काम धाकटीकडे आलं. मास्तर नेहमी म्हणत, तारीख बघा, शेवटच्या तारखेची ती खरी. तिने त्यांच्या कपाटातली, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कपाटातली, शेवटच्या तारखेची फाईल काढली. स्लाईड्सच्या कोपऱ्यांत कर्ण्याची छोटी छोटी चित्रं आलेली होती, ती दिसतील तशी भराभर पुसली, आणि फाईल सगळ्यांसाठी ठेवून दिली. डोळे भरलेले होते. काय पुसतोय याचा तिने विचार केला नाही. काळ्या स्लाईडवरचा काळा कर्णा तिला दिसलाही नाही.

दोन महिन्यांनी पहिली तक्रार आली. विक्री विभागातला एक जण बाहेरच्या पाहुण्यांसमोर बोलत होता. अकराव्या स्लाईडला पडदा काळा झाला आणि पुढे जाईना. बटण दाबून दाबून बोट दुखलं. चार मिनिटं आणि वर दहा सेकंद सगळे अंधारात एकमेकांकडे बघत बसले, आणि मग बारावी स्लाईड आपली आपण आली. पुढच्या आठवड्यात हिशेबवाल्यांचं तेच झालं, मग भांडारवाल्यांचं. लोक हसायचे. म्हणायचे, मास्तर अडून बसलेत, तुम्ही पाच मोजले नसतील.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळे वायरमामा म्हणत, कारण खांद्यावर वायरचं भेंडोळं घेतल्याशिवाय तो घरीसुद्धा जात नसावा. त्याने येऊन निदान केलं. मास्तरांनी कधीतरी तालीम करताना वेळेची नोंद चालू ठेवली असणार. कोणती स्लाईड किती वेळ दाखवली ते फाईल लक्षात ठेवते आणि तशीच पळते. त्याने ती नोंद पुसली, हात झटकले आणि गेला. दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा अडला, आणि या वेळी नऊ मिनिटं. वायरमामाने पुन्हा पुसलं. मग चौदा मिनिटं. तिसऱ्यांदा पुसायला आला तेव्हा तो विनोद करत नव्हता.

‘‘ही वाढतेय कशी, ते मला सांग,’’ तो म्हणाला. ‘‘पुसलेली गोष्ट वाढत नसते गं.’’

मग त्यालाच तो कर्णा सापडला. काळ्यावर काळा, अगदी खालच्या कोपऱ्यात. म्हणाला, आवाज भरलाय यात, मास्तरांचाच असणार, तालमीत बोललेलं सगळं भरलं जातं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना आवाजच नव्हता, म्हणून इतके महिने कुणाला पत्ता लागला नाही. उद्या स्पीकर आणतो म्हणाला. धाकटीने हातानेच त्याला थांबवलं. ती म्हणाली, राहू दे मामा, मी बघते.

त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने हेडफोन लावले आणि कर्ण्यावर बोट ठेवलं. आधी पंख्याची घरघर. मग मास्तरांचा आवाज, स्वच्छ, नेहमीचा. आता इथे थांबायचं, पाच मोजायचे. एक. दोन. तीन. आणि तीनवर आवाज तुटला. मग रिमोट टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग माईकपासून दूर दूर जाणारी पावलं, एक पाय ओढत टाकलेली. मग लांबून, हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून, हाक.

‘‘धाकटे.’’

थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘धाकटे, ये गं जरा.’’ मग स्प्रिंगच्या खुर्चीची बैठक खाली झाल्याचा करकर आवाज. आणि मग नुसता पंखा.

धाकटीने हेडफोन ओढून काढले आणि दोन्ही हातांनी टेबल धरून बसली. कारण ही हाक ती आज पहिल्यांदा ऐकत नव्हती.

आता ते सांगायलाच हवं. मास्तर गेले त्या दिवशी सकाळी धाकटीने तीस इंजिनिअरांसमोर स्वतः केलेल्या स्लाईड्स दाखवल्या होत्या. अक्षरं गिरक्या घेत येत होती, प्रत्येक ओळीला रंगीत फुगे फुटत होते. मास्तर शेवटच्या रांगेतून म्हणाले, ही स्लाईड आहे की सर्कस? सगळे खदखदून हसले. तिचे कान लाल झाले. म्हणायचं होतं तर बाजूला घेऊन म्हणायचं होतं, चारचौघांत कशाला? दुपारी तीन वाजता मास्तर तिच्या खोलीत डोकावले, तालीम करतोय, येऊन बस म्हणाले. ती मान वर न करता म्हणाली, पाच मिनिटांत येते. आणि बसून राहिली. तिची खोली हॉलला लागून होती, मध्ये पातळ लाकडी भिंत. हाक आली ती तिला ऐकू आली, दोन्ही वेळा. तिच्या मनात आलं ते हेच की मारू दे हाका, आपल्यावाचून अडतं हे जरा कळू दे. आणि मग भिंतीपलीकडे रिमोटचं बटण दाबल्याचा आवाज आला, टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. चाललंय की सगळं व्यवस्थित, असं म्हणून तिने आपलं काम पुढे सुरू केलं.

चार वाजता ती हॉलमध्ये गेली तेव्हा मास्तर दाराजवळच्या खुर्चीत होते, डोकं एका बाजूला. तिच्या खुर्चीत. पडद्यावर शेवटची, एकोणिसावी स्लाईड होती. ‘काही शंका?’

लोकांनी विचारलं तेव्हा ती सांगून बसली की कानांत हेडफोन होते, काही ऐकू आलं नाही. एकदा सांगितलं ते सांगितलं. मास्तरांच्या बायकोलाही, म्हणजे काकूंनाही, तेच सांगितलं, आणि त्यांचं रडणं बघवेना म्हणून आणखी एक जोडलं. म्हणाली, काकू, शेवटची स्लाईड लागलेली होती, बोलणं पुरं करून शांतपणे टेकले असतील. काकूंनी ते पदरात धरून ठेवलं. मूलबाळ नव्हतं, दोघंच होती. धाकटी दर रविवारी त्यांच्याकडे जायची, काकू चहा करायच्या, आणि कप हातात दिला की न चुकता विचारायच्या, शेवटची स्लाईड लागली होती ना? ती हो म्हणायची. मग काकू म्हणायच्या, तेच, अर्धवट टाकून उठणं ह्यांना जन्मात जमलं नाही. वर्षभर त्या बाईने त्या एका वाक्यावर दिवस काढले होते.

आणि आता फाईल सांगत होती की मास्तर तीनवरच थांबले. डॉक्टरांनी त्या दिवशी म्हटलेलं तिला आठवलं, जाऊन अर्धा-पाऊण तास तरी झालाय. मास्तर मागच्या खुर्चीत होते, आणि रिमोट पुढच्या टेबलावर, दहा-बारा पावलांवर. मग पुढच्या आठ स्लाईड्स कुणी पालटल्या? तिने भिंतीपलीकडून ऐकलेलं ते टक कुणाचं होतं? मूळ फाईल करताना बारापासून एकोणिसापर्यंतचे कर्णे तिने स्वतःच्या हाताने पुसले होते, म्हणजे त्यांतही काहीतरी भरलेलं होतं. मास्तरांच्या कपाटातल्या खऱ्या फाईलमध्ये ते अजून तसेच होते. ऐकायचा तिला धीर झाला नाही. भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना, तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

हे सगळं पोटात ठेवून ती गप्प बसलीही असती. पण वायरमामाच्या पोटात काही राहायचं नाही. त्याने मोठ्या बाईंना सांगून टाकलं की मास्तरांच्या फाईलमध्ये मास्तरांचाच आवाज आहे. मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. त्या हरखल्या. येत्या शुक्रवारी तीन वाजता हॉलला मास्तरांचं नाव द्यायचं ठरलेलंच होतं. आता भाषणं नकोत, त्या म्हणाल्या, मास्तरांचीच फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत लावू, त्यांनाच शिकवू दे. लगोलग काकूंना फोनही केला. काकू इतकंच म्हणाल्या की लोकांसमोर माझ्याने ऐकवणार नाही, आदल्या दिवशी मला एकटीला ऐकू द्या, धाकटी असेल सोबत.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी ती हाक ऐकली की सगळंच गेलं. तिचं खोटं उघडं पडेल ते पडेल, पण काकूंचं ते एक वाक्यही जाईल, ज्यावर त्या उभ्या होत्या. बुधवारी बसून तिने मास्तरांच्या फाईलची एक प्रत केली आणि अकरापासून पुढच्या सगळ्या स्लाईड्स काढून टाकल्या. दहाव्यानंतर सरळ ‘धन्यवाद’ लिहिलं. दोनदा चालवून पाहिलं. दहा झाल्या की धन्यवाद, आणि फाईल बंद. तिचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी दुपारी काकू आल्या. हॉलचे पडदे ओढलेले, वायरमामाने आणलेले दोन स्पीकर टेबलाच्या दोन्ही बाजूंना. दाराजवळची खुर्ची दाखवून काकूंनी नजरेनेच विचारलं आणि धाकटीने मान हलवली. काकू तिच्यात बसल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. धाकटी पुढे रिमोट घेऊन उभी राहिली आणि तिने पहिली स्लाईड लावली.

मास्तर बोलायला लागले. एका स्लाईडवर एकच गोष्ट. काकूंनी तोंडाला पदर लावला. चौथ्या स्लाईडला, रंगांबद्दल बोलताना, मास्तर म्हणाले, आमच्या घरी भिंतींना कोणता रंग द्यायचा यावरून तीन वर्षं चर्चा चालली आहे, तुम्ही निदान दोनच रंग वापरा. काकू रडता रडता हसल्या. सातवी, चित्र आणि आवाज एकदम सोडू नका, माणूस दोन्ही गमावतो. आठवी. नववी. दहावी झाली आणि धाकटीने धन्यवादासाठी बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

तिने पुन्हा दाबलं. फाईलमध्ये अकरावी स्लाईड नव्हतीच, तिने स्वतः काढली होती. तिने रिमोट टाकला आणि प्रोजेक्टरच्या बटणाकडे हात नेला, तर हात उचलेना. आता इथे थांबायचं, स्पीकरमधून मास्तर म्हणाले, पाच मोजायचे. एक. दोन. तीन. मग रिमोट ठेवल्याचा आवाज, मग पाय ओढत जाणारी पावलं. ती स्पीकरमधून येत होती की त्या हॉलमधल्या मधल्या वाटेवरून, हे धाकटीला कधीच नक्की सांगता आलं नाही. काकू त्या पावलांबरोबर मान वळवत होत्या. आणि मग त्या दोन हाका. आणि खुर्चीची करकर.

काकू हलल्या नाहीत. चार मिनिटं आणि वर दहा सेकंद पंखा ऐकत दोघी अंधारात राहिल्या. मग पुढच्या टेबलाशी टक झालं आणि बारावी स्लाईड आली. तिच्यावर मास्तरांचा आवाज नव्हता, नुसता पंखा. थोड्या वेळाने टक, तेरावी. मास्तर घ्यायचे तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. रिमोट धाकटीच्या पायांशी जमिनीवर पडलेला होता. अशी एकोणिसावी आली. ‘काही शंका?’

मास्तरांची एक युक्ती होती, ती तिने शंभरदा ऐकलेली. शेवटी कुणी काही विचारलं नाही तर ओशाळून खाली उतरायचं नाही, आपणच एक प्रश्न टाकायचा. स्पीकरमध्ये कुणीतरी अगदी माईकजवळ श्वास घेतला.

‘‘नाही? बरं. मग मीच विचारतो,’’ मास्तरांचा आवाज म्हणाला. रागावलेला नव्हता. ‘‘धाकटे, कुठे होतीस?’’

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. आता उत्तर कुणाला द्यायचं होतं कोण जाणे, पण न देऊन चालणार नव्हतं.

‘‘शेजारच्या खोलीत होते,’’ धाकटी म्हणाली. ‘‘कानांत काही नव्हतं. हाक ऐकू आली होती. सकाळचा राग होता, म्हणून नाही आले.’’

पडदा पांढरा झाला आणि फाईल बंद झाली. धाकटी रडत होती, काकू रडत नव्हत्या. त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या, पुन्हा सोडवत होत्या.

‘‘तू सांगितलं होतंस, काहीच ऐकू आलं नाही,’’ काकू शेवटी म्हणाल्या. ‘‘मी म्हटलं, चला, माझं नाव घेतलं नाही, पण कुणाचंच घेतलं नाही. आता कळलं, तुझं घेतलं. आणि तू गेली नाहीस.’’

धाकटी पुढे झाली तसा त्यांनी हात वर करून तिला तिथेच थांबवलं. वर्षभर माझ्या घरी बसून चहा प्यायलीस, एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. त्यांची खुर्ची फटकन मिटली. त्या गेल्या तशी धाकटी व्यासपीठाच्या पायरीवर बसली, आणि संध्याकाळी झाडूवाली येईपर्यंत तिथेच बसून होती.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. इतकी वर्षं शिकलेले सगळे इंजिनिअर आले होते, चाळीस ओळीवालेसुद्धा. काकू येतील अशी धाकटीला आशा नव्हती, पण तीनला पाच कमी असताना त्या आल्या, आदल्या दिवशीच्याच खुर्चीत बसल्या. दाराजवळची खुर्ची कुणी घेतली नव्हती. गर्दी असूनही कुणी तिकडे वळत नव्हतं.

मोठ्या बाईंनी नावाच्या पाटीवरचा कपडा दूर केला आणि माईक धाकटीकडे दिला. तिने रात्रभर जे घोकलं होतं त्यातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. तिने सरळ सांगितलं, मास्तरांनी मला त्या दिवशी हाक मारली होती, मला ऐकू आली होती, आणि मी गेले नव्हते. मी सगळ्यांशी खोटं बोलले. मोठ्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं. धाकटीने मास्तरांची खरी फाईल लावली, न कापलेली, रिमोट टेबलावर ठेवला आणि बाजूला जाऊन भिंतीशी उभी राहिली.

मास्तर शिकवू लागले. घराच्या रंगांवर लोक हसले. कुणी कुणी मान डोलवत होतं. दहावी झाली आणि पडदा काळा झाला. आता इथे थांबायचं, पाच मोजायचे. एक. दोन. तीन.

मग पंखा. पावलं नाहीत, हाक नाही, काही नाही. धाकटी श्वास रोखून हाकेची वाट बघत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. लोक चुळबुळू लागले. कुणीतरी खोकलं. वायरमामा वायरचं भेंडोळं सावरत उठला आणि का कोण जाणे, पुन्हा खाली बसला. काळोख वाढतोय असं वाटायला लागलं, पडद्यावरून खाली उतरून पहिल्या रांगेपर्यंत आल्यासारखा. धाकटीला वाटलं, हे आता कधीच पुढे जाणार नाही. आपण सगळे इथेच बसून राहणार, तीनवर.

‘‘चार,’’ मागून काकू म्हणाल्या.

आवाज लहानच होता पण हॉलभर ऐकू गेला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होत्या, घरात एखाद्याला औषधाची आठवण करून द्यावी तशा.

‘‘पाच,’’ काकू म्हणाल्या. ‘‘चला, पुरं करा.’’

टेबलावर टक झालं. बारावी स्लाईड आली, आणि तिच्यावर मास्तर बोलायला लागले. काल त्या स्लाईडवर नुसता पंखा होता. आज मास्तर बोलत होते, ठणठणीत, मधला खंड जणू कधी पडलाच नव्हता. चित्र मोठं घ्या, मजकूर थोडा ठेवा. तेरावी. चौदावी. एकोणिसावीपर्यंत त्यांनी सगळं शिकवलं, एकही नियम गाळला नाही. शेवटी म्हणाले, काही शंका? थोडं थांबले. नाही? बरं. आणि पुढे काही विचारलं नाही. पडदा पांढरा झाला.

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत. लोक हळूहळू उठले, बाहेर चहा मांडला होता तिकडे गेले. हॉल रिकामा होत गेला आणि खुर्च्या एकेक मिटत गेल्या. धाकटी चहाचा एक कप घेऊन काकूंसमोर जाऊन उभी राहिली. काकूंनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कप घेतला नाही. पण रागाचं एक अक्षरही बोलल्या नाहीत.

पिशवी घेऊन त्या उठल्या. त्यांची खुर्ची फटकन मिटली. दाराशी जाऊन त्या क्षणभर थांबल्या, मागच्याला वाट द्यायला थांबावं तशा, आणि तेव्हा दाराजवळची खुर्ची, जिच्यात दिवसभर कुणी बसलं नव्हतं आणि जिची बैठक इतका वेळ खालीच होती हे धाकटीला आत्ता दिसलं, ती मिटली. काकू बाहेर पडल्या आणि दार सावकाश लागलं. धाकटी गार होत चाललेला कप हातात धरून दोन्ही मिटलेल्या खुर्च्यांसमोर उभी राहिली.